रक्तातून पेपर वाचणारे सर

आमचे सर माणसाच्या रक्तातून पेपर वाचायचे. गंमत नाही सांगत, खरंच वाचायचे. रक्त नळीत ठेवलं की थोड्या वेळानं गोठतं आणि वर पिवळसर पाणी सुटतं, त्याला सीरम म्हणतात. ती नळी सर खिडकीच्या उजेडात उभी धरायचे, तिच्या मागे त्या दिवसाचा पेपर, आणि आरपार जे दिसेल ते मोठ्यानं वाचायचे. "पाणीपट्टी... वाढणार. पास." अक्षरं दिसली की माणूस पास. एखाद्याचं सीरम दुधासारखं निघालं तर ती नळी माझ्या नाकासमोर नाचवायचे. "हे पाह्य मौदा. याच्यातून मथळाही दिसत नाही. हा बावा हसत हसत जिना चढून आला, आन् अंगात दूध घेऊन फिरून राहिला."

मौदा म्हणजे मी. मौद्याहून सकाळच्या पहिल्या बसनं यायचे म्हणून माझं नाव मौदा. माझ्या खऱ्या नावानं त्यांनी बारा वर्षांत दोनदा हाक मारली असेल, दोन्ही वेळा झापायला. पेशंटांनाही नावं नव्हती. "साखर आली", "थायरॉइडले बसव", "चरबीले आत घे". सदर भागात चपलांच्या दुकानावर दोन खोल्या आणि वर यायला उभा जिना, एवढीच आमची लॅब. सही करायला एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, कोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यावर सह्या ठोकायचे, चहा प्यायचे आणि जायचे. बाकी सगळं सर, आणि सरांच्या हाताखाली मी. रिपोर्ट टाइप करायला एक बाई होत्या, त्या निम्मा दिवस सरांना घाबरण्यात घालवायच्या.

लोक त्यांना सणकी म्हणायचे आणि तरी यायचे. चरबीची तपासणी उपाशीपोटी करायची असते. खोटं बोललेलं सरांना लगेच कळायचं. एकदा एक कापडवाले शेठ आले. सरांनी विचारलं, "काही खाल्लं?" शेठ म्हणाले, "काहीच नाही." सरांनी त्यांचा उजवा हात हातात घेतला. शेठला वाटलं नाडी पाहतात. सरांनी त्यांची बोटं सरळ आपल्या नाकाशी नेली.

"तर्री पोहे," सर म्हणाले. "आन् तर्री दोनदा मागून घेतली."

"एकच प्लेट सर, गाडी लावेपर्यंत..."

"घरी जा गा. मले तुहं रक्त तपासायचं आहे, पोहेवाल्याचं नाही."

शेठ दुसऱ्या दिवशी उपाशी आले आणि मुकाट्यानं बाकावर बसले. अशा माणसाचा राग येतो आणि विश्वासही बसतो. माझा तर असा बसला होता की आता त्याची चीड येते.

दुपारी जेवताना सर खिशातून एक छोटी बाटली काढायचे. जवसाचं तेल. पारशिवनीकडे त्यांचं गाव, तिथून यायचं. न विचारता माझ्या डब्यातल्या भाजीवर ओतायचे. घराला रंग देताना येतो तसला वास. माझ्या वांग्याचा पार सत्यानाश व्हायचा. नको म्हटलं की व्याख्यान सुरू.

"चूप. फॅटी ॲसिड समजते का तुले? तेलाचे बारके तुकडे. आपण जे तेल खातो ते पोटात मोडते, आन् त्याचे तुकडे रक्तात फिरतात. काही तुकडे नळी मऊ ठेवतात, काही नळी खराब करतात. नळी म्हणजे काय मोठी नस नाही. डोक्यात केसाहून बारक्या नळ्या आहेत. मोठी बंद झाली तर माणूस धाडकन पडते, गल्ली गोळा होते. बारकी बंद झाली तर कोणाले समजते? बागेत ठिबकची नळी चोंदली तर बाग वाळत नाही. संत्र्याचं एक झाड वाळते. मंग दुसरं. मालक म्हणते, यंदा ऊन जास्त पडून राहिलं. नळी उघडून पाहत नाही तो. खा."

मी खायचे. हे व्याख्यान मी इतक्यांदा ऐकलं की झोपेतही म्हणून दाखवलं असतं. ऐकलं खूप, पण त्यातलं काही डोक्यात शिरलं असतं तर आज हे लिहायला बसले नसते.

आता मुद्द्यावर येते. लॅबमधलं मशीन बरोबर मोजतं की नाही हे पाहायला कंपनीकडून एक बाटली मिळते. त्यात तपासलेलं सीरम असतं आणि आकडा छापून आलेला असतो. सकाळी आधी ती लावायची. मशीननं तोच आकडा दाखवला तर मशीन बरोबर, नाहीतर मशीन दुरुस्त करायचं. सगळ्या लॅब असंच करतात. आमच्याकडे ती बाटली फ्रिजच्या मागच्या कोपऱ्यात पडलेली असायची.

"त्या बाटलीत कोणाचं रक्त आहे? तो काय खाते, कुठी राहते, रात्री पिते का, काही माहीत नाही. त्याच्यावर भरोसा ठेवू? माहं रक्त मले माहीत आहे."

म्हणून दर सोमवारी सकाळी सर उपाशीपोटी बाही वर करून बसायचे आणि मी त्यांचं रक्त काढायचे. ते सीरम आठवडाभर आमची बाटली. चरबीचा सरांचा आकडा एकशे बत्तीस. तीच भाकर, तेच जवसाचं तेल, तोच आकडा. मशीननं एकशे बत्तीस दाखवलं तर मशीन शहाणं. दुसरं काही दाखवलं तर मशीन चुकलं. मग फॅक्टर बदलायचा. मशीन ज्या संख्येनं गुणून आकडा काढतं तो फॅक्टर. तो जरा कमी केला की त्या मशीनवरचे सगळ्यांचे आकडे खाली येतात. पहिल्या काही वर्षांत दोन-चारचा फरक पडायचा, कधी वर, कधी खाली. बटणं मी दाबायचे.

पुढे फरक फक्त वरच पडायला लागला. एका सोमवारी एकशे अठ्ठेचाळीस आले. फॅक्टर खाली घेऊन पुन्हा एकशे बत्तीस केले. दोन महिन्यांनी परत वर. त्या वेळी मी विचारलं, "सर, तुमचंच वाढलं असेल तर?"

सर रागावले नाहीत, तेच वाईट झालं. मी काहीतरी घाण बोलले असं त्यांचं तोंड झालं.

"माहं काहून वाढंल? मी काय खातो, तू रोज पाहतेस ना? मशीनचं वय झालं. घे खाली."

मी घेतला. त्यानंतर विचारायचं बंद केलं. ते सांगायचे आणि मी दाबायचे. मग सांगायचीही गरज राहिली नाही. सोमवारी त्यांचं सीरम लावायचं, एकशे बत्तीस येईपर्यंत फॅक्टर खाली ढकलायचा, की झालं आठवड्याचं काम. मला त्यांची भीती वाटायची असं मी नंतर बऱ्याच जणांना सांगितलं. ते अर्धंच खरं आहे. ते सोपं होतं, हे उरलेलं अर्धं.

मग तो पेपरचा सोमवार आला. सरांनी आपलीच नळी खिडकीशी धरली. एरवी लगेच वाचायला लागायचे. त्या दिवशी नळी पुढे घेतली, मागे घेतली, चष्मा पुसला.

"छपाई खराब झाली यायची, पेपरवाल्यायची. शाईत पाणी घालून राहिले लोक."

दुसरा पेपर आणायला लावला. मी खाली जाऊन आणला. त्याचीही छपाई खराब निघाली. तिसरा हिंदी आणला, तोही तसाच. सरांनी नळी माझ्या हातात दिली. "पाह्य बरं. दिसते का तुले?"

नळीत पातळ ताकासारखं काहीतरी होतं. मागे पेपर होता की भिंत होती, सांगता आलं नसतं.

"हो सर," मी म्हटलं, "छपाईच खराब आहे."

त्या दुपारी सर घरी गेल्यावर मी फ्रिजच्या कोपऱ्यातली कंपनीची बाटली काढली आणि मशीनला लावली. बाटलीवर छापलेल्या आकड्याच्या जेमतेम एक तृतीयांश आकडा मशीननं दाखवला. म्हणजे आमच्या जिन्यावरून तीनशे घेऊन आलेला माणूस शंभर घेऊन खाली उतरत होता. मी नळी धुतली, बाटली परत कोपऱ्यात ठेवली आणि फ्रिज लावला. मग डबा खाल्ला. सकाळीच सरांनी त्यावर तेल ओतून ठेवलं होतं.

दोन-तीन डॉक्टरांनी आमच्याकडे पेशंट पाठवणं बंद केलं. सर म्हणाले, मी कमिशन देत नाही म्हणून. ते कमिशन देत नव्हते हे खरंच होतं. बाकी गर्दी वाढली. एक बाई आपल्या बहिणीला घेऊन आल्या आणि माझ्यासमोर तिला म्हणाल्या, "इथंच कर वं तपासणी. इथं आकडे चांगले येतात." सर आतून ऐकत होते. त्या दोघी गेल्यावर मला म्हणाले, "पाह्यलं? लोकांनी तेल बदललं. बारा वर्षं बोंबलून राहिलो, आता कुठी ऐकलं लोकांनी."

त्यांचा चेहरा त्या दिवशी इतका आनंदी होता की मी तो विसरू शकत नाही, आणि विसरायची परवानगी स्वतःला देतही नाही.

सर त्याच सुमारास बदलायला लागले. एकाच पेशंटला तीनदा विचारायचे, चहा घेतला का. टायपिंगच्या बाई आणि मी मोजायचो. तीनदा विचारलं की आम्ही एकमेकींकडे बघून हसायचो. चालताना पाय उचलेनासे झाले. इवली इवली पावलं टाकायचे, पाय फरशीला डिंकानं चिकटल्यासारखे. मला नक्कल चांगली जमते. सर आतल्या खोलीत गेले की मी बाहेर त्यांच्यासारखं चालून दाखवायचे, हातात नळी धरल्यासारखा हात करून. बाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. एका म्हातारीची शीर सापडत नव्हती, मी दोनदा टोचलं, तर सर खुर्चीत बसून रडायला लागले. ज्या माणसाचे डोळे बारा वर्षांत ओले झालेले पाहिले नव्हते, तो एका सुईपायी ढसाढसा रडला. काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, मला फोन आला. "लॅबमध्ये काही झालं का वं? घरी येऊन राहिले तर नुसते चिडून राहिले."

मी म्हटलं, "काही नाही काकू. यंदा ऊन जास्त आहे ना."

हे मीच म्हटलं, माझ्या याच तोंडानं.

मग ते जिन्यावरून पडले. वरच्या तिसऱ्या पायरीवर पाय अडकला आणि थेट चपलांच्या दुकानाच्या दारात. हाड मोडलं नाही. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला. डॉक्टर तरुण होते, समजावून सांगणारे. पडद्यावर मेंदू दाखवला, त्यात जागोजागी पांढरे डाग, कुठे ठिपके तर कुठे ढग साचल्यासारखे.

"मोठा झटका नाही आला," डॉक्टर म्हणाले. "मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या हळूहळू बंद होत गेल्या आहेत. हे एका दिवसाचं नाही. चालणं, विसरणं, रडू येणं, सगळं यातूनच."

काकूंनी पिशवीतून फाइल काढली. सरांचे वर्षावर्षाचे रिपोर्ट, एकावर एक नीट लावलेले. डॉक्टरांनी ते चाळले. सगळीकडे एकशे बत्तीस, एकशे तीस, एकशे चौतीस. मग त्यांनी त्याच सकाळी दवाखान्यात केलेला कागद शेजारी ठेवला. चारशेच्या वर. साखरही वाढलेली. बी.पी. तर कधी मोजलंच नव्हतं, कारण सरांच्या मते बी.पी. घाबरट लोकांना असतं. डॉक्टरांनी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहिले.

"हे रिपोर्ट कोणत्या लॅबचे आहेत?"

काकूंनी अभिमानानं सांगितलं, "यायच्याच लॅबचे."

मी त्यांच्या बाजूला उभी होते. त्या क्षणी बोलता आलं असतं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

नंतर मी एकटी डॉक्टरांच्या खोलीत गेले आणि विचारलं, चरबीमुळेच झालं का हे सगळं. ते म्हणाले, एकाच कारणानं होत नाही. बी.पी., साखर, वय, रक्तातली चरबी, सगळं मिळून. कोणत्या नळीला कशानं मारलं ते कोणी सांगू शकत नाही. पण वेळेत कळलं असतं तर औषध सुरू करता आलं असतं. त्यातलं पहिलं वाक्य मी अजून जपून ठेवलं आहे. शेवटचं विसरायचा प्रयत्न करते.

लॅब बंद झाली. सही करणाऱ्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, की पेशंटांना कळवायला पाहिजे. ते म्हणाले, "लॅब बंद झाली ना? मग कशाला उकरून काढते? तुला पुन्हा कुठं नोकरी मिळणार नाही आणि माझंही नाव जाईल." रजिस्टर माझ्याकडे होतं. आधी काही फोन केले. शेठला केला. इथं आकडे चांगले येतात म्हणणाऱ्या त्या बाईंना केला. पुन्हा तपासून घ्या एवढंच सांगायचे. काहूनचं उत्तर द्यायला जीभ वळायची नाही. अर्ध्या नंबरांवर दुसरंच कोणीतरी उचलायचं. काही घरांतून म्हणाले, ते आता नाहीत. कशानं गेले हे मी विचारलं नाही. मग रजिस्टर मिटवून ठेवलं. ते अजून माझ्या कपाटात आहे.

काकूंना सांगायला चार महिने लागले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, फॅक्टर, बाटली, पेपर, सगळं. त्या निवडतच राहिल्या. मला वाटलं, कळलं नसेल. मग त्यांनी सूप खाली ठेवलं.

"माहा रिपोर्ट बी तिथंच होत होता ना वं?"

मी मान हलवली.

"दरवर्षी हे म्हणत, तुहं माह्यापेक्षा चांगलं आहे. मले किती बरं वाटे."

मी त्यांचं रक्त दुसरीकडे तपासून घेतलं. आकडा चांगला नव्हता. औषध सुरू झालं. मला त्या एक शब्द वाईट बोलल्या नाहीत, आणि यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर मी सुखानं झोपले असते. फक्त एक अट घातली. "त्यायले सांगू नको. त्यायच्यापाशी आता तेवढंच उरलं आहे. तेवढं राहू दे."

आता मी दुसऱ्या एका मोठ्या लॅबमध्ये आहे. तिथं मशीनला बाटली लागते, माणूस लागत नाही. दर तीन महिन्यांनी एका रविवारी सरांचं रक्त घ्यायला जाते. मी दिसले की ते बाही वर करतात. माझं नाव आठवत नाही, मौदाही आठवत नाही, पण दंड बांधायचा पट्टा पाहिला की मूठ बरोबर आवळतात.

मागच्या रविवारी रक्त काढून नळी टेबलावर ठेवली. काकूंनी चहा केला. तासाभरात रक्त खाली बसलं आणि वर सीरम सुटलं. औषधं लागू पडली आहेत. ते सीरम इतकं नितळ होतं की सोन्याचं पाणी वाटावं. सरांनी आपणहून नळी उचलली. टेबलावरचा पेपर घेतला आणि इवली इवली पावलं टाकत खिडकीपाशी गेले. नळी उजेडात धरली, मागे पेपर. मी त्यांच्या खांद्यामागे उभी राहिले. नळीतून अक्षर न् अक्षर दिसत होतं, काना-मात्रासुद्धा. त्यांचं रक्त एवढं स्वच्छ मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

सर बघत राहिले. नळी पुढे घेतली, मागे घेतली. ओठ हलले, पण शब्द जुळेनात. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. मग माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर लहान मुलासारखी काळजी होती.

"छपाई खराब झाली यायची," ते म्हणाले. "नाही का वं?"

काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो सर," मी म्हटलं, "छपाईच खराब आहे."